सलीमच्या आईची वरची पट्टी

परत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं एकच विचारतो, तिकडे खायला काय होतं? तिकडे पाऊस कधी पडतो, माती कशी आहे, बायका कामाला कशा जातात, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. शेजारच्या काकूंनी तर "बारीक झालात हो" एवढं म्हणून विषयच संपवला. म्हणून हे लिहायला बसले. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचावं. खाण्याचंही येईल मध्ये, काळजी नसावी.

मी सोलापुरात एका सेवाभावी संस्थेत काम करते. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात माढा तालुक्यातल्या कामांवर आम्ही बायकांच्या टोळ्या उभ्या केल्या होत्या. दिवसभर खडी फोडायची, बांध घालायचे, आणि गड्याला जेवढी मजुरी तेवढीच बाईला मिळाली पाहिजे म्हणून साहेबांशी हुज्जत घालायची. त्या हुज्जतीत माझा घसा जो बसला तो अजून पुरता सुटलेला नाही. त्या कामाचं कुणीतरी कुठंतरी नाव काढलं असणार, कारण दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाल्यावर एका चर्चच्या मदत-संस्थेकडून विचारणा आली. जॉर्डन नदीच्या पलीकडे डोंगरात पॅलेस्टिनी गावं आहेत, तिथल्या शेतांच्या माती अडवणाऱ्या दगडी ताली ढासळल्यात, बायकांच्या हाताला गावातच काम हवंय, दोन-अडीच महिने येता का? आणि एकट्या येऊ नका, प्रत्यक्ष ताल रचलेली बाई बरोबर आणा.

ताल रचलेली बाई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं, माढ्याजवळच्या बौद्धवाड्यातली गजराबाई. दुष्काळात तिच्या टोळीनं घातलेले बांध अजून जागचे हललेले नाहीत. स्वभावानं आगाऊ, जिभेला हाड नाही, आणि माझं ऐकायचं ते सोयीनं. तिला विचारलं तर म्हणाली, "येती की. पर माझी शेळी कोन बगणार?" शेळीची सोय झाली आणि दिवाळी आटोपून आम्ही निघालो.

पूल

मुंबई, विमान, अम्मान हे सगळं सोडून देते. विमानात गजराबाईनं डोळे मिटले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत, एवढंच सांगण्यासारखं. खरी गंमत नदीवरच्या पुलावर झाली. नदी कसली, आमचा एखादा ओढा श्रावणात तिच्यापेक्षा रुंद असतो. पण अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसऱ्याचं सैन्य. बायाबापड्या गाठोडी घेऊन उन्हात ताटकळत बसलेल्या, आणि टेबलावर एकेकाचं सामान उलटंपालटं करणं चाललेलं.

आमची पिशवी उघडली तर तीत शेंगाची चटणी. कुटलेली लालभडक पूड बघून तो कोवळा सैनिक बिचकला. पुडी हुंगली, बोट घातलं, आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत भसकन श्वास ओढला. पुढं जे शिंकणं सुरू झालं ते थांबेना. त्याचा साहेब धावत आला, म्हाताऱ्या बायका ओढणीत तोंड लपवून हसायला लागल्या, आणि मला वाटलं आता इथूनच परत. गजराबाई मात्र त्याला मराठीत समजावत होती, भाकरीबरोबर खायची असती बाबा, नाकानं न्हाय. शेवटी चटणी सुटली. आमच्या पासपोर्टवर शिक्का न मारता एक वेगळा कागद हातात दिला आणि आम्ही पलीकडे झालो.

डोंगरातलं घर

गावाचं नाव लिहीत नाही. लिहून त्यांचं काही भलं व्हायचं नाही, झालं तर वाईटच. डोंगराच्या कुशीत पांढऱ्या दगडाची घरं, आणि खालपासून वरपर्यंत डोंगराला पायऱ्या पाडलेल्या. प्रत्येक पायरीला दगडाची ताल, तालीमागं अडवलेली माती, मातीत जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं. माती म्हणजे तरी काय, मूठभर. गजराबाई खाली बसली, माती हातात घेतली, चुरली आणि म्हणाली, आपल्याकडं एवढ्या मातीत कुणी कांदा लावणार नाही. तिथं त्या मातीत आजोबा-पणजोबांच्या वेळची झाडं उभी होती.

आमची सोय उम्म सलीमच्या घरी केली होती. उम्म सलीम म्हणजे सलीमची आई. तिथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, आपल्याकडे 'बाळूची आई' म्हणतात तसंच. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या आसपास. उंच, हाडापेरानं मजबूत, छातीवर लाल दोऱ्याचं भरतकाम केलेला घोळदार झगा. आम्ही आल्या आल्या तिनं गजराबाईच्या इरकली लुगड्याचे काठ हातात घेऊन उलटेसुलटे बघितले, गजराबाईनं तिच्या भरतकामावर बोट फिरवलं, आणि दोघींचं त्या दिवसापासून जमलं ते जमलंच. ही मराठीत बोलायची, ती अरबीत, आणि दोघींनाही मधे कुणी लागायचं नाही. मला मात्र नादिया लागायची. नादिया गावच्या शाळेत मास्तरीण, इंग्रजी जाणणारी. ती दुपारी शाळा सुटल्यावर यायची, तोपर्यंत मी मुकी.

आम्ही भेट म्हणून सोलापुरी चादर नेली होती. उम्म सलीमनं ती उघडली, गालाला लावली, आणि पुन्हा घडी घालून पेटीत ठेवली. नादिया म्हणाली, ती म्हणते नवरा आला की अंथरीन.

नवऱ्याचं असं होतं. तो सदुसष्टच्या लढाईच्या आदल्या वर्षी कुवेतला गवंडीकामाला गेला. लढाई झाली, सैन्य आलं, आणि घरोघरी जाऊन माणसं मोजली गेली. जो त्या दिवशी घरात होता तो गावचा. जो नव्हता तो नव्हताच. दहा वर्षं झाली. दोन वेळा महिन्याभराच्या परवान्यावर पाहुण्यासारखा येऊन गेला, स्वतःच्या घरात. मुलगा सलीम सोळा वर्षांचा झाल्यावर बापाकडे गेला, तोही तिकडचाच झाला.

मी सोलापुरी चोंबडी, मी विचारलंच, मग तू का जात नाहीस त्यांच्याकडे? नादियानं तिला विचारलं. उम्म सलीमनं उत्तर दिलं ते वर बोट करून. घराच्या मागं, डोंगराच्या अगदी माथ्याजवळ तिची शेताची एक पट्टी होती. लग्न झाल्यावर दोघांनी डोक्यावर टोपल्यांनी माती वाहून ती पट्टी केलेली. नवरा गेला, ताल ढासळली, माती घसरली, आणि आता तिथं नुसतं काटेरी झुडूप. जमीन काही वर्षं पडीक राहिली की सरकारला ती आपली म्हणता येते, असा तुर्कांच्या वेळचा कायदा असल्याचं गावात सगळे सांगत. शेजारच्या गावाचा माळ तसाच गेला होता आणि त्याला तारेचं कुंपण पडलं होतं. ही कुवेतला गेली तर पट्टी गेलीच. आणि बाहेर जायचा परवाना मिळतो, परत यायचा मिळेलच असं नाही. तिच्या नणंदेला मिळाला नव्हता.

तिचं म्हणणं एवढंच, तो कधीतरी परत येईल, तेव्हा त्याला यायला जागा पाहिजे. त्या जागेसाठी ती राहिली होती आणि त्या जागेपायीच ती त्याच्यापासून तुटली होती. 

कोंबड्यांची ज्वारी

आता खाणं. सकाळी रोटी, जैतुनाचं तेल, आणि रानातल्या पाल्याची आंबटसर कोरडी चटणी. रोटी तेलात बुडवायची, मग चटणीत. आपण शेंगाची चटणी आणि करडईचं तेल खातो तसंच. दुपारी भाजीपाला, मसूर, कधी हिरव्या गव्हाचा भात. हा गहू हिरवा असतानाच कापून आगीवर भाजतात आणि वाळवून वर्षभर ठेवतात. पहिला घास घेतला आणि मला हुरड्याचा वास आला. पौष आला होता. आमच्याकडे शेतात आगटी पेटली असेल, कणसं चोळून गरम दाणे हातावर घेत असतील, आणि मी इथं ताटापुढं डोळे पुसत बसलेली. उम्म सलीमला वाटलं तिखट लागलं.

पण गजराबाईचं रोटीवर भागेना. तिला भाकरी हवी होती. "ताई, ह्या मैद्यानं माझं पोट भरतं, पर जेवल्यागत वाटत न्हाय," असं ती रोज म्हणायची. एक दिवस कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या उम्म सलीमचा तिनं हात धरला. दाणे ज्वारीचे होते. पांढरी, बारीक, पण ज्वारीच. मागं सगळे खायचे, आता गव्हाचं पीठ मिळतं म्हणून ती कोंबड्यांच्या वाट्याला गेली होती. गजराबाईनं दाणे पाखडले, जात्यावर दळले, आणि उम्म सलीमच्या भट्टीवर एक पत्रा टाकून भाकऱ्या थापल्या. अर्धी आळी बघायला जमली. एका म्हातारीनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि ती रडायलाच लागली. तिच्या आईच्या हातची अशी असायची म्हणे. त्या दिवशी मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते सांगत नाही.

शेतीही आपल्यासारखीच, आभाळावरची. फरक एवढाच की तिथला पाऊस थंडीत येतो आणि उन्हाळा कोरडा. तरी त्या उन्हाळ्यात तिथल्या बायका टोमॅटो काढतात, पाणी न देता. वरची माती सारखी हलवून भुसभुशीत ठेवायची, म्हणजे खालची ओल उडत नाही. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीत भेगा बुजवायला कोळपं घालतात ते हेच. हे मी खाणाखुणांनी सांगायला गेले तर त्या माझ्याकडे कौतुकानं बघून हसल्या. मी एखादा नाच करून दाखवतेय असं त्यांना वाटलं असावं.

ताल

कामाचं सांगते. पहाटे गावात ट्रक यायचा. त्यात बायका बसायच्या आणि सीमेपलीकडच्या बागांत संत्री तोडायला जायच्या. मधला मुकादम आपला वाटा कापून घ्यायचा, आणि बाईला गड्याच्या निम्मं. हे ऐकलं आणि मी माढ्यातच आहे असं वाटलं. सगळे हात ट्रकमध्ये, मग डोंगराच्या ताली कोण रचणार? मदत-संस्थेच्या पैशातून गावातच काम काढायचं, पाण्याचं जुनं टाकं उपसायचं, वाट बांधायची, ताली उभ्या करायच्या, असं ठरलं होतं.

मी सभा घेतली. माझा खाक्या आपला सोलापुरी. मजुरी गडी-बाईला सारखी, मधे मुकादम नाही, माप सगळ्यांदेखत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि सगळ्यात आधी उम्म सलीमची वरची पट्टी, कारण सगळ्यात ढासळलेली तीच. इथं टाळ्या थांबल्या, पण माझ्या ते ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या पट्टीवर मी, गजराबाई आणि चहाची किटली घेतलेली उम्म सलीम. बाकी कुणी नाही. खाली टाक्यावर मात्र जत्रा. बायका माती उपसतायत, गाणी म्हणतायत. दोन-तीन दिवस हेच. मी चिडले, हातवारे केले, वर बोट दाखवलं. त्या मान खाली घालायच्या आणि आणखी जोरात माती उपसायच्या. उम्म सलीम रोज किटली आणि पेल्यांचं तबक घेऊन वर यायची आणि संध्याकाळी न वापरलेले पेले घेऊन खाली जायची. तिचं तोंड बघवत नव्हतं.

गजराबाई गप्प गप्प झाली होती. ती गप्प म्हणजे काहीतरी गंभीर. म्हणाली, "ताई, हिला वाळीत टाकलंय. आमाला ठावं हाय ते कसं असतं. समद्यांशी बोलत्यात, पर उंबऱ्याला कोन यीत न्हाय." वाळीत टाकणं तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. 

नादियाला गाठलं आणि टाक्यावर नेलं, म्हटलं आत्ताच्या आत्ता विचार, काय वाकडं आहे तुमचं तिच्याशी? बायका आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. शेवटी ज्वारीच्या भाकरीला रडलेली ती म्हातारी बोलली. नादियानं तिचं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं.

"जिचा नवरा परदेशात, तिच्या शेतात आम्ही मजुरीनं जायचं? तिच्या भिंतीवर पैसे घेतले तर त्याचा अर्थ, तिला या गावात कुणी नाही."

गजराबाईला मी मराठीत सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "आत्ता गं बया! मग ही इर्जिक हाय की!"

इर्जिकच होती. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. आमच्याकडे एखाद्याचं रान अडलं की गाव आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात उतरतं. मजुरी नाही, माप नाही. धन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, एवढंच. माझ्या लहानपणी वडिलांच्या पायाला लागलं होतं तेव्हा आमच्या रानात अशी इर्जिक झाली होती. त्या दिवशी माझ्या बापाला कुणी पैसे विचारले असते तर तो तिथंच मेला असता. आणि मी इथं भर सभेत, सगळ्यांदेखत, या बाईच्या इर्जिकीला मोल लावून बसले होते. त्यामुळे त्यांना मजुरीनंही येता येईना, आणि पाहुणीचा शब्द मोडून बिनमजुरीनंही.

मग आधी इतकी वर्षं का नाही आल्या, असं विचारलं. तर वेळ कुठं होता? सुट्टीचा यांचा दिवस शुक्रवार, बागवाल्यांचा शनिवार, म्हणजे ट्रक शुक्रवारीही यायचाच, आणि शनिवार घरच्या धुण्या-दळणात जायचा. आता गावात काम मिळालं, ट्रक सुटला, आणि शुक्रवार त्यांच्या हाताला लागला. तेव्हा इतर दिवशी टाक्यावर आणि वाटेवर मजुरीचं काम, आणि शुक्रवारी उम्म सलीमची पट्टी, असं ठरलं. म्हणजे त्यांनीच ठरवलं. मी फक्त मान डोलावली.

त्या शुक्रवारी अख्खा गाव वर चढला. गडीसुद्धा आले. थोरले दगड तळाला, आतल्या अंगाला कललेले, आणि मागच्या बाजूला बारीक दगडांची भर. भर आधी घालायची की ताल कमरेइतकी झाल्यावर, यावरून गजराबाई आणि ती म्हातारी दिवसभर भांडल्या, एकीची भाषा दुसरीला कळत नसताना. शेवटी निम्मी ताल हिच्या पद्धतीची झाली आणि निम्मी तिच्या. दुपारी उम्म सलीमनं जेवण आणलं. मोठमोठ्या रोट्या, वर तेलात मऊ शिजवलेला ढीगभर कांदा, आंबट लाल पूड, आणि त्यावर कोंबडी. मी माळकरी बापाची लेक, मी कोंबडी खात नाही म्हटल्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिला इतकी खूश मी आधी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांच्या मागं लागून लागून वाढत होती.

अशा चार-पाच शुक्रवारांत ताल उभी राहिली आणि खालून टोपल्यांनी माती चढली. मग जैतुनाची रोपं आली. ती उम्म सलीमनं घराच्या सावलीत ओल्या गोणपाटात ठेवली आणि म्हणाली, थोडं थांबू. नवऱ्यानं या थंडीत यायच्या परवान्याचा अर्ज केला होता. पट्टी दोघांनी केली, रोपंही दोघांनी लावायची.

संक्रांत

त्या थांबण्याच्या दिवसांत आम्ही दोघी घराच्या गच्चीवर खूप बसलो. एकदा तिनं विचारलं, तुझी जमीन आहे का? मी सांगितलं, होती. भीमेवर धरण झालंय, आमचं गाव पाण्यात जातंय. मी इकडे आले तेव्हा वडील घराची दारं-खिडक्या उतरवत होते. तिनं विचारलं, कुणी घेतली? मी म्हटलं, आमच्याच सरकारनं. खाली करकंब-श्रीपूरकडच्या उसाला पाणी मिळणार आहे, कालवे येणार आहेत. ती म्हणाली, "म्हणजे तुमचं पाणी तुमच्याच माणसांना मिळेल." खरं होतं तिचं. तरीही मला आमच्या नदीकाठच्या काळ्या रानाची फार आठवण आली. हे मी सोलापुरात कुणापुढं बोलले नव्हते, बोलले असते तर सगळ्यांनी मोबदल्याचंच विचारलं असतं.

संक्रांतीला मी तिच्या घरच्या तिळाचे लाडू केले. गूळ नाही, पण द्राक्षाची काकवी होती, तीत वळले. तिच्या हातावर लाडू ठेवला आणि नादियाकडून सांगितलं, आमच्याकडे हा देऊन गोड बोला म्हणतात. तिनं लाडू खाल्ला, चांगला झालाय म्हणाली. मग म्हणाली, "गोड बोलायला माणूस समोर लागतो गं."

दुसऱ्याच दिवशी माणूस आला, पण तिचा नाही. गावचाच एक, कुवेतला राहणारा, आईला बघायला थोड्या दिवसांच्या परवान्यावर आलेला. त्यानं निरोप आणला. नवऱ्याचा परवाना नाकारला होता. सलीमचं लग्न ठरलं होतं, तिकडच्याच एका गाववाल्याच्या मुलीशी, येत्या शुक्रवारी. आणि नवऱ्यानं सांगितलं होतं, आता पुरे कर. पट्टी सोड, माझ्याकडे निघून ये.

उम्म सलीमनं पाहुण्याला कॉफी दिली. त्याच्या आईची विचारपूस केली. तो गेल्यावर पेटी उघडली आणि तिच्या लग्नातला झगा बाहेर काढून दोरीवर टाकला, ऊन द्यायला.

गावानं झगा बघितला आणि धरूनच चाललं की ती निघाली. गजराबाई म्हणाली, जाऊ दे की तिला, एकुलत्या एक पोराचं लगीन हाय, मी असते तर ह्या धोंड्यांकडं वळून बघितलं नसतं. मी संस्थेची माणूस, ताल आम्ही उभी केली, ती ओसाड पडू नये असं मला वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात खरंच काय होतं सांगू? तिनं जावं असंच वाटत होतं. दहा वर्षं. एवढं कुणी कुणाची वाट बघू नये.  ती मात्र रोज सकाळी रोपांवर पाणी शिंपडायची आणि झग्याची बाजू बदलायची.

पाहुणा परत निघाला त्या दिवशी तिनं त्याच्या हाती तेलाचा डबा दिला. वर आमची सोलापुरी चादर ठेवली, सुनेसाठी. आणि त्याला सांगितलं, "त्याला म्हणावं, ताल उभी राहिली. मी येत नाही. मांडवात माझी जागा ठेवा, तिथं कुणाला बसवू नका."

पाहुणा दिसेनासा झाल्यावर ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर बसून राहिलो. आतून आवाज येत होता, आणि गजराबाई माझा हात घट्ट धरून बसली होती. असं रडणं ऐकावं लागू नये कुणाला.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तेव्हा ती तो लग्नातला झगा घालून उभी होती. अंगाला जरा आवळ झाला होता. हातात कुदळ.

गावाला सांगावं लागलं नाही. बायका आल्या त्या मेंदी भिजवून घेऊनच आल्या. तिकडेही लग्नात वराच्या आईच्या हातावर मेंदी लावतात. तिला पट्टीवर नव्या मातीत बसवलं आणि तळवे रंगवले. गजराबाईला राहवलं नाही. चटणी-मसाल्याच्या पिशवीतून तिनं हळदीची पुडी काढली, पाण्यात कालवली आणि उम्म सलीमच्या दोन्ही गालांना लावली. म्हणाली, वरमाय हाय ती, तिला हळद नको व्हय? उम्म सलीमनं विचारलंसुद्धा नाही हे काय आहे म्हणून. गाल पुढे केले.

मग रोपं लावली. खड्डे आधीच काढलेले होते. प्रत्येक रोप तिनंच ठेवलं, मेंदीच्या हातांनी माती लोटली, आणि बायका भोवती उभ्या राहून लग्नातली गाणी म्हणत होत्या. नादियानं एक-दोन ओळी सांगितल्या, नवऱ्या मुलाच्या उंचीचं कौतुक होतं त्यांत. मुलाला शेवटचं बघितलं तेव्हा तो आईच्या खांद्याला लागत होता. आता केवढा झाला असेल, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटचं रोप लागलं तेव्हा दुपार झाली होती. कुवेतात त्याच सुमाराला वरात निघणार होती. उम्म सलीम तालीच्या कडेवर उभी राहिली. समोर पूर्वेला डोंगर उतरत उतरत नदीच्या खोऱ्यात जातात, पलीकडे जॉर्डनचे निळसर डोंगर, आणि त्यांच्याही पलीकडे, कितीतरी पलीकडे, कुवेत. तिनं तोंडापुढं हात धरला आणि जीभ हलवत तो आनंदाचा लांब आवाज काढला, तिकडच्या बायका लग्नात काढतात तो. एकटीनं. आवाज मधेच फाटला, पण तिनं तो पुरा केला.

मग वळून तिनं मला काहीतरी विचारलं. मी नादियाकडे बघितलं.  उम्म सलीम विचारत होती, इतक्या लांब ऐकू गेलं असेल का?

 गजराबाईला प्रश्न कळला नव्हता, पण तिनं उम्म सलीमचं तोंड बघितलं, पदर खोचला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आयुष्यात कधी न काढलेला तो आवाज काढायला गेली आणि नुसतीच ओरडली. कुणी हसलं नाही. ती म्हातारी पुढं आली, तिच्यामागून बाकीच्या, आणि सगळ्यांनी कडेवर रांगेनं उभं राहून, पूर्वेकडे तोंड करून, पुन्हा एकदा तो आवाज काढला, जोरात.